इंगेबोर्गची साक्ष

नॉर्थ डाकोटा
२२ फेब्रुवारी २०१५

वहिनी,

दादा गेल्यापासून आपण फोनवर दोन-तीनदा बोललो. प्रत्येक वेळी मी रडले आणि तुम्ही "हो, हो" म्हणत राहिलात. माझं बोलायचं ते राहूनच जातं, म्हणून लिहिते आहे.

यशचा फोन आला तेव्हा मी दारातला बर्फ ओढत होते. दादा हार्बरफ्रंटच्या ऑफिसात लिफ्टपाशी कोसळला, एवढंच कळलं. मिळेल ते तिकीट काढून मी मिनियापोलिसपर्यंत आले. तिथे विमानतळावर यशचा निरोप मिळाला की सगळं उरकलं. मग पुढे कशाला जायचं? तिथूनच परत फिरले. तुम्ही एक दिवस थांबला असता तर मला भाऊ दिसला असता. हे तुम्हाला टोचून बोलत नाही, पण मनात आहे ते लिहिते.

एक मागणं आहे. दादाच्या थोड्या अस्थी मला द्याल का? चमचाभर दिल्यात तरी चालतील. आमच्या शेतावर रॉल्फच्या पणजोबांचं जुनं घर आहे. तीन वर्षांपूर्वी दादा इथे आला होता तेव्हा त्याने ते पडायचं वाचवलं. त्याच्या शेजारी तळं आहे. रॉल्फचं म्हणणं, तिथे सोडू. परक्या देशात जन्म गेला माझा, इथे माझ्या माणसाचं काही नाही.

यशला आशीर्वाद.

सुलेखा


पासिर रिस, सिंगापूर
१५ मार्च २०१५

सुलेखा,

पत्र पोचलं. पाकिटावर तू सवयीने "सौ." लिहिलं होतंस. यशने ते आणून दिलं, त्याला काही कळलं नाही. मला वाईट वाटलं नाही. पुढच्या वेळी "श्रीमती" लिहू नकोस, नुसतं नाव लिही.

इथे मंडाईच्या दहनगृहात जी वेळ मिळाली ती आम्ही घेतली. थांबता आलं असतं की नाही, ते आता बोलून उपयोग नाही.

अस्थींचं विसर्जन चांगीच्या धक्क्यावरून होडीने जाऊन समुद्रात केलं. थोड्या नाशिकसाठी काढून ठेवल्या आहेत. यशची परीक्षा संपली की गोदावरीत सोडू. घरात ठेवायच्या नसतात म्हणून दाराबाहेरच्या वीजमीटरच्या कपाटात स्टीलच्या डब्यात ठेवल्या आहेत. यश म्हणाला, "आई, मीटर अंकल विल ओपन इट लाह." म्हटलं, उघडू दे. तो काही नेणार नाही.

त्यातल्या तुला पाठवणं होणार नाही. अस्थी वाटायच्या नसतात. ते लाडू नाहीत.

आता माझं एक विचारणं आहे. २०१२ साली उल्हास तिकडे डुलुथच्या बंदरात जहाज तपासायला गेला होता. चार दिवसांचं काम होतं. तिथून रजा काढून तो तुझ्याकडे आला आणि तीन आठवडे राहिला. दिवाळीत मी आणि यश इथे दोघंच होतो. परत आला तेव्हा हाताला फोड होते. विचारलं तर म्हणाला, "एक घर सरळ केलं." त्यापुढे काही नाही. तो घरात एक खिळा ठोकायचा तर मला आठवडाभर मागे लागावं लागायचं. तुझ्याकडे असं काय होतं?

कुमुद


नॉर्थ डाकोटा
९ एप्रिल २०१५

वहिनी,

काय होतं ते सांगते. दादाला मी सांगितलं तसंच सांगते, म्हणजे तुम्हाला कमी मिळालं असं होणार नाही.

रॉल्फचे पणजोबा निल्स हाउगेन. नॉर्वेत त्यांच्या वडिलांची जमीन मोठ्या भावाला गेली. निल्स आणि त्यांची धाकटी बहीण मारिट बोटीत बसून इकडे आली, १८८६ साली. तेव्हा इथे सरकार एकेकाला एकशे साठ एकर माळ फुकट द्यायचं. अट एकच, पाच वर्षं त्या जमिनीवर स्वतःचं घर करून राहायचं आणि ती कसायची. बिनलग्नाच्या बाईलाही मिळायची. लग्न झालेलीला नाही, तिची ती नवऱ्याच्या नावावर.

भावाने एक तुकडा घेतला, बहिणीने लागून दुसरा. दोन घरं बांधायला लाकूड नव्हतं. इथे झाड म्हणून नाही, फळ्या रेल्वेने यायच्या. म्हणून त्यांनी दोन्ही जमिनींच्या हद्दीवर एकच घर बांधलं. एक खोली, दोन दारं. जमिनीवर हद्दीच्या रेषेत पत्र्याची पट्टी ठोकली. पट्टीच्या अलीकडे निल्सचं अंथरूण, पलीकडे मारिटचं. प्रत्येक जण आपापल्या जमिनीवर झोपायचा, म्हणजे कायदा पाळला गेला. एक वर्ष गारपिटीने गहू गेला, दुसऱ्या वर्षी आगीत गवत गेलं. भाऊबहीण बटाट्यावर राहिली, पण राहिली.

तिसऱ्या वर्षी नॉर्वेहून इंगेबोर्ग आली. निल्सशी तिचं आधीच ठरलेलं होतं. ती आली तर घरात एक बाई आधीच होती. मीठ कुठे, पीठ कुठे, चूल किती वेळ पेटती ठेवायची, सगळं त्या बाईने ठरवलेलं. इंगेबोर्गने पहिल्या आठवड्यात सगळं सामान उचलून निल्सच्या बाजूला आणलं. मग पट्टीवर फळ्यांची भिंत उभी केली. मारिटला आपल्या बाजूला वेगळी चूल मांडावी लागली.

हेच ते घर. मारिटची बाजू खचली होती, भिंत मधोमध वाकली होती. दादाने बघितलं आणि रॉल्फला म्हणाला, "जॅक आहेत का? ट्रकचे चालतील." मग रोज थोडं थोडं करत त्याने ती बाजू वर उचलली. जेवायला हाक मारली की म्हणायचा, "थांब, अजून एक पेच फिरवतो." भाऊबीजेला मी ओवाळलं तेव्हाही हाताला ग्रीस होतं.

दुसरं काही नव्हतं, वहिनी.

सुलेखा


पासिर रिस
७ जून २०१५

सुलेखा,

तुझं पत्र मी नीट वाचलं. भावाबहिणीचं सुखाचं घर होतं, मग बायको आली, तिने मीठ-पीठ हलवलं आणि भिंत घातली. मला कळलं. एवढ्या लांबून नॉर्वेच्या बाईच्या आडून सांगायची गरज नव्हती. तोंडावर सांगितलं असतंस तरी मी ऐकलं असतं.

मी नाशिकच्या घरात आले तेव्हा तू कॉलेजात होतीस. स्वयंपाकघरातल्या फळीवरचे डबे मी हलवले होते, हे खरं आहे. सासूबाई काही बोलल्या नाहीत. तू दोन दिवस जेवली नव्हतीस. मग उल्हासने मुंबईत खोली घेतली ती माझ्या सांगण्यावरून, हेही खरं आहे. पण पुढे तू शेतकीच्या शिक्षणाला तिकडे गेलीस, रॉल्फशी लग्न ठरवलंस, तेव्हा मामंजींशी भांडायला उल्हासला मीच पाठवलं होतं. ते त्याने तुला सांगितलं नसणार.

तो जहाजावर असायचा तेव्हा सहा-सहा महिने घरी नसायचा. मग इथे ऑफिसात लागला, तर रोज उशीर. मला जे मिळालं ते उरलेलं मिळालं. त्यातले तीन आठवडे तू घेतलेस, आणि तो हाताला ग्रीस लावून तुझ्याकडे पाटावर बसला. मला हे वाचून काय वाटलं ते मी लिहीत नाही.

यशने सुट्टीत इथेच कामाची जागा धरली आहे, त्यामुळे नाशिक पुढे गेलं. डबा आहे तिथेच आहे. अस्थींचं पुन्हा विचारू नकोस.

कुमुद


नॉर्थ डाकोटा
२ जुलै २०१५

वहिनी,

मी टोमणा मारला नव्हता. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.

मीही एक सांगते. तुम्हाला उरलेला मिळाला असेल. पण तो उरलेला सव्वीस वर्षं मिळाला. ताप आला की तुमच्याकडे, पगार झाला की तुमच्याकडे, कपडे मळले की तुमच्याकडे. मला रविवारी दहा मिनिटं फोनवर, तेही मागून तुमचा आवाज, "कुकर झालाय." आणि एवढ्या वर्षांत तीन आठवडे. तुम्ही ते मोजून ठेवलेत.

भांडायला तुम्ही पाठवलंत, हे मला माहीत नव्हतं.

पुन्हा विचारत नाही.

सुलेखा


पासिर रिस
११ ऑक्टोबर २०१५

सुलेखा,

मधे तीन महिने गेले. तुझं पत्र आलं नाही, मीही लिहिलं नाही.

इथे सध्या इंडोनेशियातल्या जंगलांचा धूर आहे. खिडक्या बंद ठेवाव्या लागतात, समोरचा ब्लॉक दिसत नाही. ऑगस्टमध्ये राष्ट्रीय दिनासाठी लोकांनी कठड्यांना झेंडे लावले होते, ते काहींनी अजून काढलेले नाहीत, सगळे करडे झाले आहेत. मी फार बाहेर पडत नाही.

मागच्या आठवड्यात मीटरवाला खरंच आला. चिनी म्हातारा आहे. त्याने डबा पाहिला आणि विचारलं, "कुकीज, आंटी?" मी म्हटलं, "माय हजबंड." तो दोन पावलं मागे सरला, मान वाकवली, मग मीटर बघून गेला. यशला सांगितलं तर तो हसला आणि मग खोलीत जाऊन बसला.

यशला जानेवारीपासून एक सत्र मिनेसोटातल्या विद्यापीठात मिळालं आहे. त्याने नकाशात पाहून सांगितलं की तुझं गाव गाडीने काही तासांवर आहे. त्याला तुझ्याकडे यायचं आहे. मी हो किंवा नाही काहीच म्हटलेलं नाही.

दुसरं. त्या घराचं पुढे काय झालं? भिंत घातल्यावर बहीण निघून गेली का? उल्हासने एवढे कष्ट करून ते घर उचललं, तर ती निघून गेली नसणार असं वाटतं. सहज विचारते.

कुमुद


नॉर्थ डाकोटा
१६ नोव्हेंबर २०१५

वहिनी,

तेरा तारखेला भाऊबीज झाली. या वर्षी ताट केलं नाही. तुमच्या पत्राला उत्तर लिहायला घेतलं.

मारिट गेली नाही. जाणार कुठे? पाच वर्षं पुरी झाल्याशिवाय जमीन नावावर होत नव्हती. दोघी फळ्यांच्या अलीकडे-पलीकडे राहायच्या. एकमेकींच्या भांड्यांचे आवाज ऐकायच्या. निल्स बिचारा दोन्ही दारांतून ये-जा करायचा आणि दोन्हीकडे थोडं थोडं खायचा. इथे बटाट्याची पातळ पोळी करतात, लेफ्से म्हणतात. इंगेबोर्गने केली की मारिटही त्याच दिवशी करायची. निल्स दोन्हीकडे चांगली झाली म्हणायचा आणि दोघींना ते आवडायचं नाही.

मारिटच्या शेवटच्या वर्षी इंगेबोर्गची मुलगी आजारी पडली. घसा सुजला होता. इंगेबोर्ग तेव्हा दुसऱ्या वेळची गरोदर होती, उठवत नव्हतं. मारिट भिंतीला वळसा घालून आली आणि त्या हिवाळ्यात निल्सच्याच बाजूला राहिली. मुलगी वाचली.

नेमकं हे एका शेजाऱ्याने पाहिलं. त्याला मारिटची जमीन हवी होती. त्याने कचेरीत तक्रार केली की ही बाई आपल्या जमिनीवर राहतच नाही, भावाच्या घरात झोपते. सुनावणी लागली. भाऊ बहिणीच्याच बाजूने बोलणार, म्हणून त्याच्या बोलण्याला वजन नव्हतं. अधिकाऱ्याने इंगेबोर्गला उभं केलं. दोघींचं पटत नाही हे अख्ख्या माळाला माहीत होतं. ती खरं बोलली असती तरी मारिटची पाच वर्षं गेली असती.

इंगेबोर्ग म्हणाली, "ती रोज तिच्याच बाजूला झोपली. मला माहीत नसेल तर कुणाला? भिंत मी घातली आहे."

जमीन मारिटची झाली. पुढे निल्स मळणीच्या यंत्रात सापडून गेले. दोघी त्याच घरात म्हाताऱ्या झाल्या. भिंत कुणी काढली नाही. एक फळी तेवढी सैल केली होती, पलीकडे कॉफी द्यायला.

रॉल्फच्या घरी ही गोष्ट नाताळात सांगतात आणि इंगेबोर्गचं मन किती मोठं होतं असं म्हणतात. पण माझ्या सासूबाई, दादा आला तेव्हा हयात होत्या, त्यांनी दादाला खरं सांगितलं. इंगेबोर्गने म्हातारपणी त्यांना सांगितलं होतं, "मोठं मन कसलं? जमीन गेली असती तर मारिट जन्मभर माझ्या बाजूला राहिली असती. तिची तिला मिळाली म्हणजे माझं माझ्याकडे राहिलं."

आता जे लिहिते ते मी तुम्हाला सांगणार नव्हते. हे ऐकून दादा जॅकचा दांडा खाली ठेवून हसायला लागला. म्हणाला, "कुमुदने हेच सांगितलं असतं." रॉल्फने विचारलं, तुझी बायको अशी आहे का? तर म्हणाला, "तिला आपलं ते आपलंच लागतं. दुसऱ्याचं ती देऊन टाकते, आपल्यात मिसळू नये म्हणून." आणि मग दिवसभर मधेच आठवून हसत होता. मला त्याचा राग आला होता. माझ्याकडे येऊन, माझ्या घरात बसून, तो तुमच्या आठवणीने हसत होता. म्हणून सांगितलं नव्हतं.

यश खुशाल येऊ दे. मी त्याची वाट बघते. आणि वर्षश्राद्धाला मी सिंगापूरला येईन म्हणते. मागच्या वेळी राहिलं ते या वेळी चांगीला जाऊन करू, आपण दोघी. तिकीट काढायच्या आधी तुम्हाला विचारते.

सुलेखा


पासिर रिस
३० डिसेंबर २०१५

सुलेखा,

तिकीट काढू नकोस.

तू लिहिलेलं उल्हासचं बोलणं वाचून आधी तुझा राग आला. तीन वर्षं तू ते दाबून ठेवलंस. मग वाटलं, हे तुला रचून लिहिता आलं नसतं. ते त्याचंच आहे. माझ्याबद्दल तो असं इतरांशी बोलायचा, माझ्याशी नाही.

मला नेहमी वाटायचं की माझा हा स्वभाव त्याच्या लक्षात आलेला नाही. मी कधी बोलून दाखवलं नव्हतं. तुझा फोन आला की मी कुकर लावायची. झालेला नसला तरी झाला म्हणायची. त्याला ते कळत होतं आणि तरी तो फोन ठेवून जेवायला यायचा. हे आता समजून काय करायचं ते मला कळत नाही. पण समजलं.

यश नऊ जानेवारीला निघतो. त्याच्या बॅगेत स्टीलचा डबा आहे, सोबत विमानतळावर दाखवायचे कागद आहेत. नाशिकसाठी ठेवलेल्या अस्थींतला तुझा भाग त्यात आहे. वाटणी मी अंदाजाने केली. माझ्याकडे थोड्या जास्त ठेवल्या.

हे चांगुलपणाने देत नाही. रॉल्फला तसं सांगू नकोस, ते लोक नाताळात सांगत बसतील. तू इथे आलीस तर चांगीला येशील, होडीत माझ्या शेजारी बसशील, रडशील, आणि मला तुझ्या पाठीवरून हात फिरवावा लागेल. मला तिथे एकटीने जायचं आहे. मला त्याच्याशी बोलायचं असतं आणि तुझ्यादेखत मला बोलता येणार नाही. तुझ्याकडे तुझं पाणी असलं की तुला इथे यायचं कारण राहणार नाही. तू तिकडे जा, मी इकडे जाईन. तुझ्याकडचा बर्फ वितळला की दिवस कळव, तोच ठेवू.

तळं आत्ता गोठलेलं असेल. बर्फ वितळेपर्यंत डबा घरात घेऊ नकोस, त्या जुन्या घरात ठेव. फळ्यांच्या कुठल्या बाजूला ते तू ठरव.

यश बोलतो कमी. तुझ्याकडे रडला तर मला कळवू नकोस. सकाळी त्याला खायचा आग्रह करू नकोस, त्याला चालत नाही.

डबा मात्र मला परत हवा. घासू नकोस, धुऊ नकोस, रिकामा झाला की तसाच यशबरोबर पाठव. झाकणावर माझं माहेरचं नाव घातलेलं आहे, तुझ्या डब्यांत मिसळायचं कारण नाही.

कुमुद